घरमालकांना न उघडणारं कुलूप

वडवणीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहिलो, त्या माझ्या घरमालकांसमोर जगातलं एकही पाकीट बंद राहिलेलं नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांचं कापडाचं दुकान एसटी स्टँडच्या तोंडाशीच होतं. उन्हातान्हात बोळ हिंडण्यापेक्षा अख्ख्या आळीचं टपाल त्या दुकानात टाकून द्यायचं, हा पोस्टमनचा रिवाज माझ्या आधीपासूनचा. पोस्टकार्ड तर ते सर्वांच्या मालकीचं समजत. आंतरदेशीय पत्र बाजूने फुगवून, एक डोळा मिटून वाचत, आणि पाकिटांसाठी चहाची किटली दिवसभर वाफाळत असे. वाचून झालं की पाकीट परत चिकटवून स्वतः घरपोच देत, आणि देता देता मजकूरही सांगून टाकत. ‘घ्या, पोरगी बाळंत झाली, दोघं खुशाल हायत.’ ऊसतोडीला गेलेल्यांची पत्रं मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवणारेही तेच, त्यामुळे निम्म्या गावाला त्यांच्या या खोडीचा आधारच वाटे. उरलेलं निम्मं गाव दातओठ खाई. मी दुसऱ्या निम्म्यात होतो. माझं लग्न ठरल्यावर बीडहून आलेलं पहिलं पत्र माझ्या हातात देताना ते म्हणाले होते, ‘सर, पोरगी गुनाची हाय. अक्षर जरा तिरपं हाय, पन मन सरळ हाय.’ मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, कारण त्या आठ दिवसांत बोलायचं काम ते एकटेच करत होते.

मनात पाप म्हणाल तर तीळभर नाही. उलट पत्र वाचलं की त्यांना मदत करायची उबळ येई, आणि खरा घात तिथेच होई. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन हैदराबादला गेली. तिनं आईला लिहिलं की सासूबाई मायाळू आहेत, पण त्यांच्या हाताला चव म्हणून नाही. आईशी बोलायचं एक साधं वाक्य. घरमालकांनी ते वाचलं आणि घरच्या काळ्या मसाल्याचा डबा थेट विहीणबाईंच्या नावे पार्सल केला. सोबत चिठ्ठी: ‘आमच्या लेकीस जेवण गोड लागत नसल्याचे समजले. आमटीस दोन चमचे पुरे.’ त्यानंतर लेकीची पत्रं नियमित आली, पण सगळी एकाच साच्यातली. आम्ही खुशाल आहोत, तुम्हीही खुशाल असाल. फोन होता तो दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. काकू, म्हणजे घरमालकांच्या पत्नी, नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त टपालाची वेळ झाली की पूर्वी दारात येऊन उभ्या राहत, ते त्यांनी सोडून दिलं. असं दोन वर्षं चाललं. बाहेरून बघणाऱ्या मलासुद्धा ते दार रिकामं दिसलं की बरं वाटत नसे.

ते दिवस असे होते की गावात रोज काहीतरी नवीन उगवायचं. आज केबल, उद्या एसटीडी बूथ, आणि परवा घरमालकांच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास. जावयाने आपला जुना कॉम्प्युटर सासऱ्यांकडे पाठवून दिला, तेव्हा तो चालू करायला मलाच बोलावलं गेलं. दुकानातल्या फोनची तार घरापर्यंत ओढून घेतली आणि ई-मेल म्हणजे काय ते मी समजावलं. घरमालकांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘सर, ह्याला कुलूप कोनतं चांगलं?’

‘कुणापासून जपायचंय?’

‘माझ्यापासून.’ ते खाली बघत म्हणाले. ‘मायलेकींना आपसात बोलता आलं पायजे. घरात चोर दुसरा हाय कोन? जे मला उघडंना, ते घेऊ.’

मग सुरू झाली ती निवड. मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीड्यांवर कुलुपांचे प्रोग्रॅम ढिगाने असत. मी एकेक कॉम्प्युटरवर चढवायचा, काकूंनी एक खोटं पत्र लिहून त्यात बंद करायचं, आणि घरमालकांनी ते फोडायचं. कागदाच्या चिकटपट्ट्यांवर मराठी अक्षरं लिहून मी ती बटणांवर डकवून दिली होती. काकू एकेक बटण तुळशीला पाणी घालावं तशा शांतपणे दाबत. पहिल्या प्रोग्रॅमला एका शब्दाचा पासवर्ड होता. घरमालकांनी ‘लिंबागणेश’ टाकलं आणि पत्र उघडलं. काकूंचं माहेर. ‘बायकांना दुसरं काय सुचतंय,’ म्हणत त्यांनी तो नापास केला. दुसरा प्रोग्रॅम फाईल नुसती लपवून ठेवायचा. घरमालकांनी तो प्रोग्रॅमच काढून टाकला आणि लपलेलं सगळं आपसूक बाहेर आलं. तिसऱ्याची मला खात्री होती. त्यात फाईलचा असा काही लगदा व्हायचा की मलाही अक्षर लागत नव्हतं. दहा मिनिटांत घरमालक मजकूर तोंडपाठ म्हणत बाहेर आले. कुलूप लावल्यावर मूळ पत्र आम्ही पुसलं होतं, पण ते कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यात तसंच पडून होतं. ‘सर, शिकलेली मान्सं कचरा बघत न्हाईत,’ ते म्हणाले. त्या दिवसापासून क्लासमध्ये मी तो डबा रिकामा करायला आधी शिकवू लागलो.

चौथा प्रोग्रॅम दोन किल्ल्यांचा होता. एक किल्ली खुशाल सगळ्यांना वाटून टाकायची, तिनं फक्त कुलूप लागतं. उघडतं ते आपल्याजवळच्या दुसऱ्या किल्लीनं, आणि त्या किल्लीलाही एक अख्खं वाक्य सांगावं लागतं. किल्ली वाटायची ही कल्पना जन्मभर कनवटीला किल्ल्या बाळगणाऱ्या माणसाला आधी पचेना. पण काकूंनी लेकीच्या किल्लीनं पत्र बंद केलं की ते परत काकूंनाही उघडत नाही, हे कळल्यावर मात्र ते खूश झाले. ‘लावनाऱ्याला बी न्हाई? लई भारी.’ लेकीची वाटायची किल्ली, म्हणजे आकड्यांची एक लांब ओळ, खरंच तिचीच आहे ना, हे फोनवर ताडून बघायचं होतं. ते त्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी, दुकान भरलेलं असताना, एकेक आकडा बोंबलून ताडलं. यातलं काही लपवायचं नसतं, हे मी सांगून थकलो होतो. ते मात्र त्यांनी मनापासून पाळलं.

मग लेकीचं पहिलं चाचणीचं पत्र आलं. काकूंनी आपलं वाक्य मनाशी ठरवलं होतं. ते ओळखण्यासाठी घरमालक रोज दुपारी दुकान बंद ठेवून कॉम्प्युटरसमोर बसत. काकूंच्या आवडीच्या आरत्यांच्या ओळी झाल्या, नावं घेतानाचे उखाणे झाले, लेकीला झोपवतानाचं गाणं झालं, भांडणात त्या हमखास म्हणायच्या ती सगळी वाक्यं झाली. ही शेवटची यादी बरीच लांब होती. काकू आत भाजी निवडत बसलेल्या असत आणि विचारायला गेलं की हसत. आठव्या दिवशी ते उठले, कॉम्प्युटरवर झाकण घातलं आणि माझ्या खोलीत येऊन खाटेवर बसले.

‘हेच ठेवा, सर,’ म्हणाले. ‘पक्कं हाय.’ मी अभिनंदन केलं. ते पंख्याकडे बघत म्हणाले, ‘तीस वर्सं संसार केला. मला वाटलेलं, हिचं सगळं मला ठावं हाय.’

मी चहा टाकला. त्या दुपारी त्यांच्याविषयीचा माझा सगळा जुना राग गेला, हे सांगायला आता हरकत नाही.

पुढे पत्रं येऊ लागली. लांबलचक. काकू चष्मा लावून, दार लोटून वाचत, आणि घरमालक बाहेर ओट्यावर बसत. आतून हसू ऐकू आलं की ते माझ्याकडे बघत. मध्येच आत बराच वेळ शांतता झाली की ते उठून ओट्यावर येरझारा घालत. काकू बाहेर आल्या की एवढंच विचारत, ‘बरी हाय का?’ काकू म्हणत, ‘बरी हाय.’ त्यापुढे त्यांनी कधी विचारलं नाही. मी ते स्वतः पाहिलं नसतं, तर माझा विश्वास बसला नसता.

मी वडवणी सोडण्याच्या थोडं आधी एका सकाळी घरमालकांनी मला हाक मारली. आवाज वेगळाच होता. कॉम्प्युटरवर लेकीचं एक पत्र आलं होतं, कुलूप न लावलेलं, आणि त्यावर नाव होतं त्यांचं. काकू मागे उभ्या होत्या. घरमालकांचा हात माऊसवर होता, पण बोट काही हलत नव्हतं.

‘उघडा की,’ मी म्हणालो.

‘तुमी उघडून द्या, सर. आजवर लोकांची लई उघडली. माझ्या नावाचं कुनी कधी धाडलंच न्हाई.’

मी त्यांच्या बोटावर बोट ठेवून ते दाबलं, आणि मजकूर दिसायच्या आत खोलीबाहेर आलो.