लेपाक्षीच्या वाटेवर बायडाबाई बोलली

गुलटेकडीच्या वडारवस्तीतली बायडाबाई पाट्याला टाकी लावत पुण्यात तीस वर्षं हिंडली. खांद्याला झोळी, झोळीत छिन्नी आणि हातोडी. पाटा गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, नुसती घसरते. मग कुणीतरी खिडकीतून हाक मारायचं आणि बायडाबाई दारात बसून, टकटक करत, पाट्यावर नवे घाव उठवून द्यायची. पुढे घरोघर मिक्सर आले. पाटे गॅलरीत गेले, कुंड्या ठेवायला.

कर्वेनगरच्या वासंतीबाई हे तिचं जुनं गिऱ्हाईक. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलण्यात तिखट. सत्याऐंशीच्या जानेवारीत त्यांनी दक्षिणेतल्या देवळांच्या यात्रेत नाव घातलं. गुडघे धड नव्हते, म्हणून त्यांनी बायडाबाईला सोबत यायला विचारलं.

"खर्च माझा. तू पायऱ्यांवर माझा हात धरायचा, एवढंच."

"मला बी देव बघाया मिळंल का?"

"देवळात काय डोळे मिटून चालणार आहेस?"

घरी सून मैना म्हणाली, "जावा की आत्या. हितं कोण पाटा घिऊन तुमची वाट बघतंय?"

खरं होतं ते. बायडाबाई निघाली.

बदामी झालं, पट्टदकल झालं. गाडीतली मंडळी गाभाऱ्यापुढे हात जोडायची आणि खाली उतरून चहा शोधायची. बायडाबाई मात्र भिंतीवरून तळहात फिरवत मागे राहायची. हडपसरचे बागाईतदार हिंदुराव एकदा म्हणालेच, "बाई, दगडच बघायचा हुता तर आमच्याकडची खाण काय वाईट हाय?" सगळे हसले. तिचा तळहात एका मूर्तीच्या ओठावर होता. तिचा बाप जन्मभर रस्त्याची खडी फोडत होता. ओठाची ही एवढीशी कड काढताना छिन्नीला किती वेळा धार लावावी लागली असेल, याचा ती हिशेब करत होती. बापाला कुणी कधी सांगितलं नव्हतं की असलं कामही त्याच्यासारख्याच हातांनी होतं.

हंपीहून लेपाक्षीला जाताना गाडीतून वाफ निघू लागली. रेडिएटरमधलं पाणी संपलं होतं. रस्त्याकडेला चार घरं आणि एक विहीर. डबे घेऊन धावत आलेले पुरुष बघून विहिरीवरच्या बायका मागे सरल्या. हिंदुराव ओरडले, "पानी! पानी चाहिए!" बायका आणखी मागे सरल्या.

बायडाबाई गाडीतून उतरली, विहिरीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "अक्का, नीळ्ळू कावाल."

पाणी हवंय, एवढंच ती म्हणाली होती. एक म्हातारी हसली आणि तिनं काहीतरी विचारलं. बायडाबाईला चारातले तीन शब्द कळले. कुठली, कुणाची, पोरंबाळं किती? ती सांगत गेली. डबे भरले, वर ओंजळ ओंजळ भुईमुगाच्या शेंगाही मिळाल्या.

गाडी सुरू झाल्यावर हिंदुराव मागं वळले. "अहो, तुमाला मद्राशी येतंय?"

"मद्राशी न्हवं. आमा वडारांची घरची बोली हाय, तेलगूच्या जवळची."

"मग इतके दिस बोलला न्हाई ती?"

"आई म्हनायची, गिऱ्हाइकापुढं बोलू नगं. लोकास्नी वाटतं आपन त्येंनाच शिव्या देतोय."

या वेळी कुणी हसलं नाही.

लेपाक्षीला वाट दाखवणारा म्हातारा मोडकं हिंदी बोलत होता. वासंतीबाईंनी बायडाबाईला त्याच्याशेजारी उभं केलं. तो सांगायचा, ती मराठीत करायची, अडलं तिथं दोघं हातवारे करायचे. देवळामागे एक मंडप अर्धाच राहिला आहे, छत नसलेले खांब नुसते उभे आहेत. मंडप का राहिला, याची राजाच्या रागाची गोष्ट म्हाताऱ्यानं सांगितली. बायडाबाई एका खांबापाशी खाली बसली होती.

"हितं दोन हात हायेत," ती म्हणाली. "ह्यो जाणत्याचा, घाव सारखा पडलाय. ह्यो शिकाऊचा. त्येचा घाव लई खोल गेला, मग जाणत्यानं फुलाची पाकळी वाढवून त्यो झाकला."

म्हाताऱ्यानं विचारलं, तेव्हा तिनं हेच आपल्या बोलीत सांगितलं. त्यानं चष्मा लावला, वाकून बराच वेळ पाकळी पाहिली. मग पुढच्या खांबाकडे बोट दाखवून विचारलं, आणि हा?

दर्शन, जेवण, सगळं राहिलं. ती दोघं खांबांमधून फिरत राहिली.

संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बायडाबाई वासंतीबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळत होती.

"माझ्या वर्गात वडारवस्तीतली मुलं असायची," वासंतीबाई म्हणाल्या. "ही भाषा बोलली की मी त्यांना बाकावर उभं करायची. माणसांसारखं बोला, म्हणायची."

बायडाबाईचा हात थांबला. "माझा भैरू हुता का त्यात? चौथीतनं शाळा सोडली त्येनं."

"आठवत नाही. आठवत नाही इतकी मुलं होती, हेच वाईट."

बायडाबाई पुन्हा तेल चोळू लागली. पण 'जाऊ द्या' असं काही ती म्हणाली नाही.

पुढे काळहस्ती झालं, तिरुपती झालं. रांगेत, दुकानात, बायडाबाई आता मोठ्यानं बोलत होती.

पुण्याला परतल्यावर महिन्याभरानं वासंतीबाई रिक्षा करून वस्तीत आल्या. भैरू मार्केट यार्डातून पोती वाहून नुकताच आला होता. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, चुकलं म्हणाल्या. तो संकोचून गेला.

"बाई, तुमी तर मला आवडायच्या. गोष्टी झ्याक सांगायच्या तुमी."

वासंतीबाईंनी पिशवीतून कोरी वही काढली.

"बायडाबाई, तुम्ही मला तुमची बोली शिकवाल?"

"एकदम तुमी? आन् मी शिकवू?"

"मग काय हिंदुरावांना विचारू?"

बायडाबाई हसली. तिनं चटई अंथरली. तिनं शब्द सांगायचे, वासंतीबाईंनी लिहून घ्यायचे, असं पानभर झालं. मग बायडाबाई कंटाळली. "लिवून काय हुतंय? बोला की."

वासंतीबाईंनी घसा साफ केला आणि दोन-चार शब्द जुळवून पहिलं वाक्य म्हटलं. मैना तोंडाला पदर लावून आत पळाली. दारात जमलेल्या बायका खो खो हसू लागल्या. वासंतीबाईंचे कान लाल झाले, वही मिटायला हात गेला.

"हसू द्या त्येंना," बायडाबाई म्हणाली. "पुन्यांदा बोला."