तुझ्या हाताला सवय असेल

"ह्यो परकर माझ्या आज्जीच्या मढ्यावरच्या साडीचा हाय."

चौथीच्या वर्गात, सगळ्यांसमोर ती पोरगी असं म्हणाली. गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराची नात. आवाजात राग नव्हता. हरवलेली पेन्सिल सापडल्यावर म्हणावं, तशी म्हणाली. मग माझ्या बाकावरच्या पोरी उठल्या आणि मागं जाऊन बसल्या.

गुरुजी खुर्चीतून हललेही नाहीत. "जा घरी. बदलून ये. मसणातलं घालून शाळंत येत्यात व्हय?"

मी घरी गेले. साडी खरंच तिच्या आजीची होती. आमचं गाव भूम तालुक्यातलं, ईटच्या अलीकडं. तिथं मोठ्या घरातली बाई अहेवपणी, म्हणजे नवरा जिवंत असताना गेली, की माहेरची माणसं हिरवी साडी आणून तिच्या अंगावर घालतात. सरणावर ठेवायच्या आधी ती साडी काढून बाजूला टाकतात. ती उचलायची आमच्या घरानं. मयताचा सांगावा गावोगाव द्यायचा, सरणाची लाकडं वाहायची आणि शेवटी टाकलेलं कापड उचलायचं. ओढ्यापलीकडच्या आमच्या दलित वस्तीत हे काम माझ्या बापाकडं होतं, त्याच्याकडं त्याच्या बापाकडून आलेलं. आईनं त्या साडीतून मला परकर शिवला होता. मला तो फार आवडला होता.

अपमान मला त्या दिवशी कळलाच नाही. भीती कळली. म्हातारी साडी मागायला येईल, असं वाटायचं. मी आईचा पदर धरून झोपायचे. पुढं कुणाचंही मयत दिसलं की मी वाट बदलायचे. ती भीती अंगातून कधी गेलीच नाही.

आणि अशी मी, नर्स झाले. लवकर नोकरी लागते, असं मामा म्हणाला, म्हणून झाले. शिकले, पास झाले, उमरग्याला हायवेवरच्या एका खाजगी दवाखान्यात लागले. ट्रकच्या अपघातातली माणसं यायची. काही बरी होऊन जायची, काही जायचीच. जीव मुठीत धरून मी ड्युटी करायचे. पण पांढरा ड्रेस अंगावर होता. लोक सिस्टर म्हणायचे. वाटायचं, सुटलो आपण.

मग एकदा सुटीला गावी आले होते. बाप तापानं फणफणलेला. त्याच दिवशी मोठ्या घरात कुणीतरी गेलं आणि त्यांचा गडी आमच्या दारात उभा राहिला.

"बाप उठत न्हाय तर पोरीला धाडा. नर्स हाय न्हवं ती? तिला कसला आलाय इटाळ?"

बापानं घोंगडं बाजूला केलं, भिंतीला धरून उठला आणि गेला. आता सगळ्यांकडं मोबाइल आहेत. मेल्याची बातमी बाप वेशीपर्यंत जायच्या आत सोलापूरला पोचलेली असते. तरी त्याला जावं लागतं. रीत आहे म्हणे. मी दारात उभी राहून त्याची पाठ बघत होते आणि माझा पांढरा ड्रेस दोरीवर वाळत होता. मी कितीही शिकले तरी या गावाच्या लेखी मी मयतालाच बोलवायची. त्या दिवशी ठरवलं. इथं राहायचं नाही. या जिल्ह्यात नाही, या देशात नाही.

दवाखान्यातली एक सिस्टर सोलापूरला जर्मन शिकत होती. तिच्या मागं लागून मीही शिकले. जर्मनीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला नर्स हव्या होत्या. घरात सांगितलं तेव्हा आईच्या तोंडचं पाणी पळालं.

"तितं तुला काय झालं तर आमाला कोण सांगल गं?"

बाप हसला. तो फार कमी हसतो. "आमी जन्मभर लोकांचा सांगावा दिला. आपला बी कुणीतरी दील. जा तू. तितं कोण जात इचारतंय?"

त्या वाक्याच्या जोरावर मी विमानात बसले. पट्टा बांधता येईना, तो शेजारच्या बाईनं बांधून दिला.

जर्मनीतलं गाव छोटं. म्हाताऱ्यांचं केंद्र म्हणजे बागेतली एक इमारत. वर्गात शिकलेली जर्मन वेगळी आणि दात नसलेल्या आजोबांची वेगळी. फोन वाजला की मी दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावायचे. फोनवर हातवारे करता येत नाहीत. रस्त्यावर एकही गाडी नसली तरी लोक लाल दिव्यापाशी थांबायचे. मीही थांबायचे, आजूबाजूला कुणी नसलं तरी. काही चुकलं तर परत पाठवतील, एवढंच डोक्यात. पहिले काही महिने प्रोबेशनचे होते. ते पार पडले तर नोकरी पक्की, नाहीतर सामान बांधायचं.

"कुठली गं तू?"

कपडे बदलायच्या खोलीत मराठी ऐकू आलं आणि मला रडूच फुटलं. ताई तुळजापूरच्या. शिक्षकांच्या घरातल्या. इथं येऊन बरीच वर्षं झालेली, आमच्या मजल्यावरच्या सीनियर नर्स. त्यांनी मला घरी नेलं, वरण-भात वाढला, बसचं तिकीट कसं काढायचं ते दाखवलं. जेवता जेवता विचारलं, "ईटजवळचं म्हणतेस, पण घर गावात आहे का बाहेर?"

"ओढ्यापलीकडं," मी म्हणाले.

"असं होय," ताई म्हणाल्या. ताट काही काढून घेतलं नाही. पण त्यानंतर कधी घरी बोलावलं नाही.

आमच्या मजल्यावर माणसं जायची. वयच तसलं त्यांचं. माणूस गेलं की इथं आधी खिडकी उघडतात. मला वाटलं, वासासाठी. बरोबरची जर्मन पोरगी म्हणाली, जीव बाहेर जावा म्हणून. मग दोन नर्सनी मिळून त्या माणसाला धुवायचं, पुसायचं, त्याच्या आवडीचे कपडे घालायचे, केस विंचरायचे. दोघींनीच, असा केंद्राचा नियम. आणि हे करताना त्या मेलेल्या माणसाशी बोलतात. आता हात उचलते हं, आता कूस बदलते. मला ते ऐकून कसंतरीच झालं होतं. पण छानही वाटलं होतं.

पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा बरोबर ताई होत्या. त्या दारापाशीच थांबल्या.

"तू हो पुढं. तुझ्या हाताला सवय असेल. तुमच्यात असतंच की हे." मग म्हणाल्या, "मला घरी देवाचं असतं. परत अंघोळ करत बसावी लागते." आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

आत मी आणि ते आजोबा. डोळे अर्धे उघडे. मी भिंतीला पाठ लावून किती वेळ उभी होते, माहीत नाही. मग पुढं गेले. त्यांना कुशीवर वळवताना छातीतली हवा बाहेर पडली आणि कण्हल्यासारखा आवाज आला. असं होतं, हे मला शिकवलेलं होतं. मी मराठीत म्हणत राहिले, आजोबा, माफ करा, आजोबा, माफ करा.

बाहेर आले तर ताईंनी माझ्या डब्याशेजारचा त्यांचा डबा उचलून पलीकडच्या टेबलावर नेला होता.

मग हे नेहमीचंच झालं. कुणी गेलं की ताई माझ्याकडं बघायच्या. मी आत, त्या बाहेर. मी का बोलले नाही? कारण प्रोबेशनची बैठक ताईंशिवाय होत नव्हती. माझी जर्मन कच्ची, म्हणून वॉर्डप्रमुख बाईंच्या समोर त्या दुभाषी म्हणून बसायच्या. माझं बोलणं त्यांच्या तोंडून बाहेर पडायचं. मी लांबलचक सांगायचे, त्या दोन शब्दांत उरकायच्या. पुढं काय पोचलं, देव जाणे. त्यांच्याशी वाकडं घेऊन मी कुठं जाणार होते? मूग गिळून राहिले. देशच नको म्हणून एवढ्या लांब आले होते आणि तोच गडी इथंही दारात उभा होता. फक्त इथं तो शुद्ध मराठी बोलत होता.

एकदा त्या जर्मन पोरीला वॉर्डप्रमुख बाईंनी जादा ड्युटी सांगितली. पोरगी म्हणाली, "नाही, मला जमणार नाही." वाटलं, आता हिचं काही खरं नाही. बाई म्हणाल्या, "बरं." आणि दुसऱ्या कुणाला विचारायला निघून गेल्या. एवढंच. मी दिवसभर त्या पोरीकडं चोरून बघत होते. आमच्याकडं 'नाही' म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या वैर चालतं.

मग कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी गेल्या. भर दुपारी, जेवणाच्या वेळेला. रोज मीच त्यांची वेणी घालायचे. मला त्या शब्द शिकवायच्या, चुकले की गालावर टिचकी मारायच्या. मी त्यांच्या दाराबाहेर रडत उभी होते. वॉर्डप्रमुख बाई आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ताईंना विचारलं, "आज दुसऱ्या कुणाला पाठवू का? हिला त्रास होतोय."

ताई हसून जर्मनमध्ये म्हणाल्या, "नको, तिला हे काम आवडतं. त्यांच्या समाजात ही परंपराच आहे. पवित्र मानतात ते."

मला कळलं. शब्दन्‌शब्द कळला. त्या आजींनीच मला तेवढी भाषा शिकवली होती.

आणि मी बाईंच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्या माझ्याकडं आदरानं बघत होत्या. म्हणजे इतके महिने सगळे हेच समजत होते! माझं भीत भीत दर वेळी आत जाणं ताईंनी माझी पूजा म्हणून सांगितलं होतं.    

"नाही," मी जर्मनमध्ये म्हणाले. व्याकरणाचे तीनतेरा वाजत होते. "परंपरा नाही. खोटं आहे. मला भीती वाटते. नियम दोघींचा. मी नेहमी एकटी. ताई बाहेर."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. मराठीत, हसरं तोंड तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "काय तमाशा लावलायस? पुढच्या बैठकीत मीच बसणार आहे, विसरू नकोस."

माझ्या तोंडातून गावाकडचीच बोली आली. "ताई, माझ्या बापानं उभ्या जन्मात कुनाच्या मयताला हात लावला न्हाय. तुमच्यासारख्यांनीच लावू दिला न्हाय. अंघूळ घरच्यांनी घालायची, खांदा घरच्यांनी द्यायचा. आमी लांब उभं. लाकडं आमची आन् टाकलेलं कापड आमचं. मयत धुयाचं म्या हितं शिकले. तुमी शिकला तितंच. चला आत."

वॉर्डप्रमुख बाईंना एक शब्द कळला नाही, पण पुरतं कळलं. त्यांनी खोलीचं दार उघडलं आणि ताईंकडं बघून म्हणाल्या, "दोघी."

ताई आत आल्या. आजींचा दुसरा हात त्यांनी धुतला. काहीही बोलल्या नाहीत, आजींशीही नाही. मी बोलत होते.

हे घडून आठवडा झाला. त्या दिवसापासून ताई माझ्याशी बोलत नाहीत. इथल्या दोन-तीन मराठी घरांत माझ्याबद्दल काय काय पसरलंय, ते माझ्या कानावर आलंय. कृतघ्न, जातीवर गेली. बापाला फोनवर सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भ्या वाटतंय का?" म्हटलं, "लई." म्हणाला, "मला बी वाटायचं. म्हणून म्या कदी न्हाय म्हणलो न्हाय."

आज प्रोबेशनची शेवटची बैठक होती. मी खोलीत गेले तर वॉर्डप्रमुख बाईंच्या शेजारी ताईंनी खुर्ची ओढली होती. सवयीनं. आज शब्द अडला तर सावरणारं कुणी नाही, हे मला माहीत होतं. नोकरी जाईल, विमानात बसवतील, गाव हसेल. हे सगळं होऊ शकतं. अजूनही होऊ शकतं.

मी बसले नाही. उभी राहूनच म्हणाले, आधी जर्मनमध्ये आणि मग ताईंसाठी मराठीत:

"ताई, तुम्ही बाहेर जा. माझं मी बोलणार आहे."