बेशरमाचा मांडव

सत्तर सालानंतरची गोष्ट. भिवापूरकडच्या एका गावात भागीरथा ढिवरीण तलावाकाठी उभी राहून पाणी शोधायची. पाणी होतं, पण बेशरमाच्या झुडपांआड. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून गावानेच कधीतरी हे झाड कुंपणाला लावलं. तेच आता जांभळ्या फुलांचा साज करून, पालखीतून उतरल्यासारखं तलावात शिरलं होतं.

भागीरथेच्या सासऱ्याने राखलेलं लाल शिंगाड्याचं वाण आता तिच्या एकटीकडेच उरलं होतं. शिंगाड्याचं बी वाळलं की मेलं. ते कणगीत टिकत नाही. माठातल्या पाण्यात राखलेल्या बियांचे वेल तिने घरामागच्या डबक्यात जगवले होते. डबकं आटत आलेलं. वेल यंदा तलावात गेले नाहीत, तर बी कायमचं बुडणार होतं.

बेशरम कापायला चला म्हणत ती दारोदार फिरली.

"भागीरथे, इतकी विनवणी देवाले केली असती तं तो पावला असता," मिरचीवाले नत्थूजी म्हणाले.

"त्याच्यापाशी कुऱ्हाड नाही ना जी. तुमच्यापाशी हाय."

नत्थूजी हसले आणि कुऱ्हाड घेऊन निघाले. त्यांच्यामागे गाव निघालं. कमरेएवढ्या पाण्यात बायामाणसांनी बेशरम कापला, भारे काठावर रचले. मधोमध पाणी उघडं पडलं, तेव्हा भागीरथेला रडूच आलं. संध्याकाळी वरणभाताची पंगत बसली. नत्थूजींनी कापलेल्याच दांड्यांचा मांडव तलावाच्या बांधावर, पाळीवर उभारला. काय थाट होता त्याचा! गॅसबत्तीच्या उजेडात लग्नघरच वाटावं.

भागीरथेने वेल पाण्यात सोडले. गाव पेरणीला लागलं.

काही दिवसांनी ती पाळीवर आली. मांडवाच्या खांबांना पानं फुटली होती. काठावरचे भारे पाण्यात सरकून चिखलात रुजले होते. बुडातले खुंट पुन्हा वर आले होते. सगळ्यांनी फक्त कापलं होतं. मुळाला कोणी हात लावला नव्हता.

ती धावत नत्थूजींच्या वावरात गेली.

"मांडव जिता झाला जी. पुन्हा चला ना."

नत्थूजींनी मान खाली घातली. "पेरणी सोडून कोण येईन वं? मी तरी कोणाले म्हणू?"

मग ती एकटीच उतरली. एकेक खुंट मुळासकट उपटायचा आणि दूर खडकावर नेऊन वाळत घालायचा. हातांची सालपटं निघाली. एक उपटावा तर पलीकडे दोन उभे. शिंगाड्याचे वेल बेशरमाच्या पानांआड कोमेजत गेले, आणि ती त्यांच्याशी बोलत राहिली, "दम धरा रे, थोडा दम धरा."

दिवाळीला शिंगाडा निघाला, तो फक्त ओटीभर.

नत्थूजी खणायची लोखंडी सब्बल घेऊन आले. ओटीकडे पाहत म्हणाले, "एखादा चाखाले तं दे."

"पुढच्या साली, जी."

तिने सगळे शिंगाडे माठात घातले आणि वर पाणी ओतलं. काठोकाठ. पाळीवर नत्थूजी मांडवाच्या खांबाशी झटत होते. खांब वाकत होता, पण मूळ हलत नव्हतं. भागीरथेने पदर खोचला आणि ती त्यांच्या बाजूला उभी राहून सब्बलीवर जोर देऊ लागली.