काकांच्या मोटारीचा पासवर्ड

जगात कुणाच्या बापावरही विश्वास ठेवू नये असं मानणारा, आणि तरी घराला जन्मात कुलूप न लावलेला माणूस मी एकच पाहिला: नांदे गावातले आमचे घरमालक. आम्ही त्यांना काका म्हणायचो. माडीवरच्या खोल्यांत आम्ही हिंजवडीत नोकरी करणारे चार भाडेकरू राहायचो आणि जेवताना कॉम्प्युटरच्या गप्पा मारायचो. काका भाकरी मोडता मोडता ऐकायचे. माझा जुना लॅपटॉप मी त्यांना दिला, ही माझी चूक. वर्षभरात या साठीच्या गृहस्थांनी स्वतः प्रोग्रॅम लिहायला घेतले आणि घराची सुरक्षा इतकी कडक केली की घरच्यांनाच आत शिरता येईना. दार सताड उघडं असे. पण काकू देवळातून आल्या की काका त्यांना उंबऱ्यावर अडवायचे.

"फोनवर आकडा धाडलाय, त्यो सांग."

"फोन आत चुलीपाशी हाय."

"मग तूच ती हायेस, कशावरनं?"

यावर काकूंनी जे ऐकवलं त्यावरून ओळख पक्की पटली, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मलाही ते सोडत नसत. एकदा माझा पासवर्ड टाइप करताना पाहून म्हणाले, "गावाचं नाव आन् एक-दोन-तीन? लई शिकला तुमी! ह्ये म्हंजी कुंपन नसल्यालं शेत. कुनाचीबी म्हस शिरंल." त्यांचा स्वतःचा पासवर्ड मात्र लांबलचक होता आणि तो ते कुणाला सांगत नसत. त्या पासवर्डाच्या कुलपात त्यांनी नदीवरची पाण्याची मोटार ठेवली होती. प्रोग्रॅम त्यांचाच. पाच वेळा चुकलं की सगळं कायमचं बंद. हाताने चालू करायचं बटणसुद्धा काढून टाकलेलं. "मागलं दार ठिवायचंच न्हाई," असं त्यांचं तत्त्व.

एका आषाढात पावसाने ओढ दिली. भाताची रोपं पिवळी पडू लागली, आणि नेमकी तेव्हा वीज जाऊन आली. बंद पडलेल्या लॅपटॉपने कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच पासवर्ड विचारला. काका चार वेळा चुकले. एकच संधी उरली. मोटार थेट जोडून द्यायला बोलावलेला वायरमन तीन दिवस "आलोच" म्हणत होता. मी इंजिनियर म्हणून पुढे सरसावलो आणि हरलो. कारण काकांनी काम चोख केलं होतं.

"काका, पासवर्ड आहे तरी काय?"

काका लाजले. "हिचा लग्नातला उखाना."

पहिली ओळ त्यांना आठवत होती: 'भाताच्या खाचरात बगळ्यांचा थवा.' पुढची, ज्यात त्यांचं नाव होतं, ती साफ विसरलेली. काकूंनी लग्नानंतर पुन्हा कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "इसरला तुमी, आन् सांगू मी? न्हाई सांगायची." आम्ही चौघांनी विनवण्या केल्या. छे!

काका शेतात गेले आणि वाळकी रोपं मुठीत धरून परतले. काकू उंबऱ्यावर आडव्या उभ्या. "आदी आकडा सांगा. तुमी त्येच, कशावरनं?"

काकांनी मूठ पुढे केली. "चुकलं माजं. घे की नाव."

काकूंनी रोपांकडे पाहिलं, पदर दातात धरला आणि भिंतीकडे तोंड करून उखाणा घेतला. काकांनी तो एकेक अक्षर शोधत टाइप केला. नदीकडून मोटारीचा आवाज आला, तेव्हा आम्ही नाचलो. उखाण्याची दुसरी ओळ मी इथे देत नाही. पासवर्ड आहे तो.

पण चार जणांनी ऐकलेला पासवर्ड ठेवणार कसा? काकांनी नियमच केला, दर महिन्याला नवा उखाणा. काकू चिडायच्या, पण घ्यायच्या.

परवा बऱ्याच वर्षांनी नांद्याला गेलो. शेताच्या जागी आता बारा मजली इमारती आहेत आणि मोटार भंगारात गेली आहे. काका मात्र ओसरीवर तोच लॅपटॉप घेऊन बसले होते.

"काका, मोटारच नाही, मग कुलूप कशाला?"

"मोटार नसंना," काका म्हणाले, "म्हैना तर झालाय का न्हाई?"

काकू पदर सावरत आतून आल्या आणि माझ्याकडे बघून थांबल्या. मी उठलो, चपला घातल्या आणि ऐकू येणार नाही इतका लांब जाऊन उभा राहिलो.