बेंबीजवळचा गोळा

ओव्याच्या धुरीचा वास आला की मला करमाडची ती दुपार आठवते. बायको माहेरी सकाळीच बाळंत झाली होती आणि विटाळ म्हणून मी खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसलो होतो. सासूबाई रक्तानं भिजलेली फडकी घेऊन सारख्या बाहेर येत होत्या. "लई जातंय का?" मी विचारलं. "जाऊ द्या की, वाईट रगत हाय ते. जायाचंच." मी बायकोला हाक मारली, पण तिनं ओ दिली नाही. तेव्हा मी सरळ आत गेलो. बाजेखाली शेगडी पेटलेली होती, तरी तिचा हात गार लागला. मेव्हण्यानं धावत जाऊन सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, पोट जोरानं चोळलं आणि माझा हात तिच्या बेंबीजवळ दाबून धरला. "पिशवीचा हा गोळा कडक राहिला पाहिजे. मऊ लागला की चोळा, नायतर रक्त थांबायचं नाय." तिला दवाखान्याच्या जीपमध्ये घातलं, सासूबाईही बसल्या आणि जीप शहराकडे निघाली. वाटेत गोळा दोनदा मऊ झाला. मी चोळायला लागलो तशी ती कळवळली. "अवो, दुखतंय तिला," सासूबाई रडत म्हणाल्या. मी थांबलो नाही. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोडा आता, आम्ही बघतो," तरी हात उचलायचा धीर होईना. ती वाचली. त्या प्रवासातलं तिला आज एवढंच आठवतं, की कुणीतरी आपल्याला सारखं दुखवत होतं.