पालक म्हणून केलेली सही

टोरोंटोच्या मराठी मंडळाची हिवाळी सहल होती. मित्राला ऐनवेळी ऑफिसला जावं लागलं, वहिनींची पाठ धरली होती, म्हणून त्यांची पंधरा वर्षांची मुलगी माझ्याबरोबर आली. स्की रिसॉर्टच्या काउंटरवर फॉर्म पुढे आला. दुखापत झाल्यास रिसॉर्ट जबाबदार नाही, खाली पालकाची सही. मी न वाचता केली. आपल्यात मित्राची मुलगी म्हणजे पुतणीच. फोन करून विचारावं असं मनातही आलं नाही.

दुपारी ती टेरेन पार्कात गेली. तिथे उड्या मारण्यासाठी मुद्दाम बर्फाचे उंच चढ रचलेले असतात. सकाळी पडलेला पाऊस गोठून उतरणीचा बर्फ काचेसारखा कडक झाला होता, तरी तो भाग बंद केलेला नव्हता. ती पडली तेव्हा मी खाली कॉफी पीत होतो. पायाची दोन ऑपरेशनं झाली. अजूनही जिना उतरताना ती कठडा सोडत नाही.

मित्राच्या वकिलाला केस भक्कम वाटत होती. मग त्याने सहीवर बोट ठेवून विचारलं, हे कोण? मी पालक नव्हतो, म्हणजे तो कागद मुलीला अडवणार नव्हता. पण मी पालक असल्याचं लिहून दिलं होतं, आणि दावा झाल्यास रिसॉर्टची भरपाई करण्याची हमीही. त्यांनी रिसॉर्टवर दावा लावला, की रिसॉर्ट माझ्यामागे लागणार होतं.

काही आठवड्यांनी मित्राने मला घरी बोलावलं. मुलगी सोफ्यावर पाय लांब करून टीव्ही पाहत होती.

"भावजी, तुमच्या घरावर येईल म्हणतो वकील," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"सोडून द्यावं म्हणतो," मित्र म्हणाला. "तू बोल. तुला काय वाटतं?"

दावा करा, तिच्या पायाचा प्रश्न आहे, माझं मी बघेन. हे वाक्य मी येताना गाडीत घोकलं होतं.

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा," मी म्हणालो.

मी आणखी काही बोलेन, असं त्याला वाटलं असावं. मग म्हणाला, "बरं," आणि विंटर टायर बसवले का, ते विचारलं. मुलगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "इट्स फाइन, काका."

परत येताना मला हलकं वाटत होतं. बायकोने काय ठरलं विचारलं. त्यांनाच कोर्टकचेरी नको आहे, असं मी तिला सांगितलं.