वालाला पाणी घालणारं शेत

चिंचवडहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा मुलगा महेश स्टँडपर्यंत आला होता आणि शेवटपर्यंत एकच सांगत होता, "बाबा, मोबाईलवर एक बटण दाबलं की वाल घरी येतात. तुम्ही कशाला उन्हातान्हाचं जाताय?" मी म्हटलं, बटण दाबून आलेले वाल तुझ्या आईनं खाल्ले, आता ते कुठून आले ते मला बघू दे. 

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकासाठी कुठं गेलात तर प्रवासाचं लिहा, असं अध्यक्षांनी सांगितलं म्हणून लिहितोय. मी सातवी शिकलेला माणूस. जन्मभर वाशीच्या मार्केटात टेंपो चालवला. देखणं लिहिता येत नाही. जे घडलं ते सांगतो.

आमची सुमन, महेशची आई, गेली त्याला वर्ष होत आलं. आजारपणात डॉक्टर म्हणाले, खाणं चांगलं ठेवा. महेशनं कर्जतकडच्या एका शेतावरून ऑरगॅनिक टोपली सुरू केली. खत-औषध न मारलेली भाजी, तांदूळ आणि वाल. भाव ऐकून मी हबकलो, पण बोललो नाही. बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) म्हणजे तिचा जीव. शेवटी शेवटी घशाखाली काही उतरत नव्हतं, तरी वाटी पुढं केली की चार दाणे घ्यायची आणि म्हणायची, "यात औषध मारलेलं नाही ना, मग अंगाला लागेल." असं म्हणून गिळायची. ते गिळणं मी बघितलंय. म्हणून वर्षश्राद्धाच्या पानात बिरडं असणार आणि ते खऱ्या वालांचंच असणार, एवढं ठरवून मी निघालो होतो.

घाट उतरून खोपोलीला आलो तर चपलेचा अंगठा तुटला. स्टँडबाहेर चांभार मिळाला म्हणून बरं. तिथून कर्जत. भिसेगावच्या बाजूनं रिक्षा गेली तेव्हा बंगल्यांच्या जाहिरातींचे बोर्ड दिसले. एकावर बाई टोपलीत टोमॅटो घेऊन हसतेय आणि खाली लिहिलंय, निसर्गात राहा, ऑरगॅनिक जगा. मागं डोंगर पोखरून लाल केलेला. मी रिक्षावाल्याला विचारलं, हे कोण जगतात रे? तो म्हणाला, "शनिवारी येतात काका, रविवारी जातात."

कर्जतहून कशेळ्याला जीप. भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे अर्धी सकाळ गेली. पण रस्ता चांगला. भातं कधीच निघालेली, वालही उपटून झालेले. शेतात नुसती खोडकं आणि मधेमधे राबाचा धूर. (राब म्हणजे भाताची रोपं करायची त्या जागेवर पालापाचोळा, शेण टाकून जाळतात ते.) कशेळ्यात वडापाव खाल्ला आणि विचारत विचारत त्या शेतावर पोचलो.

मालक स्वतः फाटकावर आला. पन्नाशीचा, डोक्यावर कापडी टोपी. आधी कुठंतरी मोठ्या हापिसात होता म्हणे. "या काका, आपलंच शेत समजा." कोकम सरबत दिलं. गाय दाखवली, शेण-गोमूत्र आणि गुळाचा पिंप दाखवला. माणूस वाईट वाटेना. हाताला घट्टे होते त्याच्या.

मी म्हटलं, वाल दाखवा.

मळ्याच्या टोकाला घेऊन गेला. बघतो तर हिरवंगार रान. साऱ्या तालुक्यात वाल उपटून खळ्यावर गेलेले आणि इथं गुडघ्याएवढी पानं डोलतायत. खाली ठिबकची काळी नळी. मी वाकून पाला बाजूला केला. शेंगा नावाला.

"शेंगा कुठायत?"

"यंदा जरा कमी आहेत."

"गेल्या वर्षी?"

तो टोपी काढून डोकं पुसायला लागला. "गेल्या वर्षीही कमीच होत्या. आम्ही पाणी वेळेवर देतो, पिंपातलं खतपाणी देतो, पण पालाच जास्त येतो."

"मग आमच्या घरी पाकिटं यायची ती कशाची?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत मी शेडकडं निघालो होतो. दोन बायका वजन करून वाल पाकिटात भरत होत्या. पाकिटावर याच शेताचं चित्र. बाजूला गोण्या. गोणीच्या तोंडाची शिवण, दोन बाजूंना काढलेले कान, वर व्यापाऱ्याची निळी खूण. असल्या गोण्या मी जन्मभर वाहिल्यात. डोळे मिटून हात लावला असता तरी ओळखल्या असत्या.

"वाशीच्या," मी म्हटलं.

"काका, फक्त वालांचंच असं आहे. बाकी सगळं आमचंच पिकतं. गिऱ्हाईक वाल मागतं. नाहीत म्हटलं तर टोपलीच बंद करतं. आणि वालाला तसंही फारसं कोणी फवारत नाही. म्हणजे ते ऑरगॅनिकच झाले की."

"मग पाकिटावर तसं छापा. मार्केटचे वाल, बहुतेक फवारलेले नाहीत."

बायका खाली मान घालून हसल्या. तो म्हणाला, "तुमची एक टोपली माझ्याकडून घ्या. पैसे नकोत."

"जिच्यासाठी घेत होतो ती मेली. टोपली कुणाला खायला घालू?"

 लुच्चा माणूस असता तर मी दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. हा दिवसभर उन्हात राबत होता, पाणी घालत होता, आणि शेडमध्ये खोटं पाकीट बांधून घेत होता. मला त्याचाच जास्त संताप आला. पीक फसलं तर फसलं म्हणावं. त्यात लाज कसली? लाज पाकिटात आहे.

परतीच्या जीपमध्ये शेजारी एक बाई बसली होती, साठीच्या पुढची, मांडीवर बोचकं. थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "काय दादा, कुनाशी भांडून आलात?"

मी सगळं सांगितलं. ऐकताना ती गंभीर होती, पण ठिबकाचं सांगितलं तसा पदर तोंडाला लावला.

"वालाला पानी घातलं?"

"घातलं."

"आनि खत?"

"तेही."

ती पुढच्या सीटवरच्या माणसाला म्हणाली, "ऐकलंस का रं, वालाला पानी घातलं यानं." सगळी जीप हसायला लागली. मग मला समजावलं. भात निघालं की जमिनीत ओल असते, तेवढ्यावर वाल येतो. वरून दव पडतं. बास. पाणी दिलं की तो माजतो, पानंच काढत बसतो. "त्याला उपाशी ठेवायला लागतं दादा, तवा शेंग धरतो."

बाईंचं नाव वत्सलाबाई. माहेर कशेळ्याकडं, सासर खालापूर तालुक्यात, चौक गावाच्या अलीकडं. "वाल पायजे ना? मंग चला माझ्यासंगती. कालच झोडपलेत." कर्जतहून चौकची गाडी धरली.

घराच्या पुढं शेणानं सारवलेलं खळं, त्यावर वाल पसरलेले. सुनेला हाक मारली, "अगं, पावनं आलेत, भाकरी टाक गं." तांदळाची भाकरी आणि सुकट घातलेली वालाची भाजी. वर्षभरात मी एवढं जेवलो नव्हतो. जेवता जेवता विचारलं, वहिनी, शेतात काय काय टाकता?

"भाताला युरिया टाकते. कीड पडली तर औषध बी मारते, खोटं कशाला बोलू? वालाला काय नाय."

"म्हणजे हे वाल अगदी शुद्ध. बिनविषारी."

"तसं म्या म्हनाले नाय."

मी भाकरी खाली ठेवली. ती हात करून मावळतीकडं दाखवायला लागली. "तिकडं मोहोपाडा. कंपन्या हायेत. माझा धाकला तिथंच जातो कामाला, त्याच्या पगारावर घर चालतं. वारा फिरला की वास येतो. तो वालावर बसतो का नाय, मला काय ठाव? भाताचं औषध जमिनीत ऱ्हातं का, ते बी नाय ठाव."

"नुसतं एकदा म्हणा ना. बायकोच्या पानात वाढायचेत."

"त्येच तर. वाढायचेत म्हनून तर नाय बोलनार."

मला तिचाही राग आला. मला कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगायला हवं होतं. फाटकावरच्या माणसानं न मागता शुद्धतेची हमी दिली होती, आणि ही मागूनही देत नव्हती. पण वाल मी तिच्याचकडून घेतले. कर्जतच्या बाजारात जो भाव, तोच तिनं लावला. वर सुनेनं मूठभर जास्त टाकले. संध्याकाळी खोपोलीहून गाडी मिळाली.

तुम्ही विचाराल, मग ऑरगॅनिक घ्यावं की नाही? ज्याच्या बांधावर जाऊन उभं राहता येईल, जो नाही म्हणायला लाजत नाही, त्याच्याकडून खुशाल घ्या, दोन पैसे जास्त द्या. नाहीतर बाजारातलं घ्या, धुवा, शिजवा, खा. पण पाकिटावरचं चित्र बघून घेऊ नका. आणि आजारी माणसाच्या तोंडात घास देताना 'हे तुला बरं करेल' असं तर अजिबात बोलू नका. त्या माणसाला दुकानदारावर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

घरी येऊन महेशला सांगितलं.  तो म्हणाला, "जाऊ दे बाबा. आईला माहीत नव्हतं. तिला समाधान मिळालं ना?"

"मिळालं. फसवून मिळालं."

"आता कुणाला काय फरक पडतो?"

श्राद्धाच्या आदल्या दिवशी वाल मी स्वतः सोलले. बोटं दुखली. दुसऱ्या दिवशी पान वाढून फोटोपुढं ठेवलं, पाहुणे हात जोडून मागं उभे होते. मी मोठ्यानंच बोललो. "सुमन, हे चौकच्या एका बाईच्या शेतातले आहेत. वालाला काही मारलं नाही म्हणते. शपथ घेत नाही. तू खाल्लेस ते वाशी मार्केटचे होते, मी वाहायचो तसल्याच गोणीतले. आम्हाला माहीत नव्हतं."

महेश आतल्या खोलीत निघून गेला. एक पाहुणा म्हणाला, असं आज बोलायचं असतं का? मी म्हटलं, मग कधी?

सगळे जेवायला बसले. बिरडं चांगलं झालं होतं. थोडं कडवट, कडवे वाल असतात तसं.